तिसरा ठोका

पास्कूकाकांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन तिशीत असताना बोटीच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेली. त्यानंतर ते समुद्रावर गेले नाहीत. अर्नाळ्याला किनाऱ्यालगत कॅथलिक मच्छीमारांची वस्ती आहे. तिथल्या लहानशा चर्चची घंटा वाजवायचं काम त्यांनी घेतलं आणि पुढे तीसेक वर्षं तेच केलं. तीन बोटांत दोर नीट बसत नसे. पहिले दोन ठोके सरळ पडत. तिसऱ्याला पकड बदलावी लागे, म्हणून तो किंचित उशिरा पडे. घंटा पास्कू वाजवतोय की दुसरं कोणी, हे वस्तीतलं कोणीही डोळे मिटून सांगू शके. या उशिराला पुढे महत्त्व आहे, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी एका मराठी दैनिकाला वसई-विरारच्या बातम्या पाठवत असे. राहायला विरारजवळ चंदनसारला होतो. समुद्राचं पाणी घरांच्या ओट्यांपर्यंत आलं, अशा एका बातमीसाठी अर्नाळ्याला गेलो, तेव्हा माहिती देणारे म्हणून पास्कूकाकांकडे बोट दाखवलं गेलं. नाव विचारलं, मग वय.

"लिवा, साठ," ते म्हणाले. "जास्त झालं तर देव कमी करील."

घराच्या ओट्यावर त्यांची बायको मोनीकाकी जाळ्याचा फाटका भाग विणत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्याला वेळ विचारा, वय नको. वेळ तरी बरोबर सांगतो."

"बघा," काका म्हणाले, "चाळीस वर्सांत पहिल्यांदा चांगलं बोलली."

"घंटेशी लगीन केलंस, मला शेजारीन करून ठेवलीस. शेजारनीने चांगलंच बोलायचं असतं."

काकांच्या खिशात पट्टा नसलेलं चावीचं घड्याळ असे. रोज सकाळी ते रेडिओच्या बातम्यांवर लावत. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीनदा प्रार्थनेची घंटा होई. त्याशिवाय वारा उठला किंवा धुकं पसरलं, की ते बोटी परतेपर्यंत सलग घंटा वाजवत. किनारा दिसत नसला तरी कुठे आहे ते कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. बोटी कॅथलिकांच्या असत, हिंदू कोळ्यांच्याही असत. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा समुद्रावर जाऊन आलेले हिंदू तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, एखादा पापलेट काकांच्या ओट्यावर ठेवून जात. तो कोणी ठेवला हे ते कधी विचारत नसत.

मृत्यूची घंटा वेगळी होती. पुरुष गेला की तीन-तीन ठोक्यांचे तीन फेरे, बाई गेली की दोन-दोन ठोक्यांचे तीन. एकदा बातमी आल्यावर आणि एकदा पेटी दफनभूमीकडे निघताना. ती ऐकू आली की वस्तीतला माणूस असेल तिथे थांबे, ठोके मोजी, एक नमो मरिया ही प्रार्थना म्हणे आणि मग कोणालातरी विचारी, "कोन?" उत्तर द्यायचं काम काकांचं. घंटा थांबली की ते चर्चच्या पायरीवर येऊन नाव सांगत. फक्त नाव आणि ते कोणाचं माणूस, एवढंच.

त्यांची आणखी एक सवय मी दोनदा पाहिली. बोट यायला उशीर झाला की घरच्या बायका चर्चच्या आवारात येऊन बसत. काका त्यांना धीर देत नसत. दोर हातात देत. एकदा जनीबाई नावाची हिंदू कोळीण आली होती. तिच्या नवऱ्याची बोट यायची वेळ होऊन दोन भरत्या उलटून गेल्या होत्या.

"धर," काका म्हणाले.

"मी तुमच्यातली नाय, काका."

"दोर कुनातलाच नाय. ओढ."

ती अर्धा तास ओढत राहिली. इंजिन बंद पडलेली बोट दुसऱ्या बोटीने ओढून आणली, तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते. नंतर मी काकांना विचारलं, हे कशासाठी? त्यांनी असं सांगितलं: "हात रिकामे असले की मानूस छाती बडवतो. घंटा जड हाय. तिला ओढताना रडता येत नाय. देवाला हाक मारायला आवाज लागतो असं लोकांना वाटतं. पकड लागते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्यांचा मुलगा बावतीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. एका तांडेलाच्या बोटीवर तो खलाशी होता. बोटीवर चौघं असत: तांडेल, त्याचा भाऊ, बावतीस आणि सुकऱ्या. सुकऱ्या डहाणूच्या पलीकडच्या डोंगरातला. भातकापणी नसेल तेव्हा मजुरीला येई. बावतीसच्या वयाचा आणि त्याच्याच अंगलटीचा होता. त्याला पोहता येत नव्हतं आणि तो ते लपवतही नसे. बावतीस त्याला चिडवायचा, "पान्यावर पोट भरतोस अन् पान्यालाच भितोस!" तो म्हणायचा, "तू डोंगरात ये एकदा रातच्याला. मग बघू कोन भितो."

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला अवेळी वादळ आलं. दुपारी बारानंतर समोरच्या बेटावरचा किल्ला दिसेनासा झाला. काकांनी दोर हातात घेतला. अंधार पडेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. बोटी एकामागून एक लागल्या. बावतीसची बोट आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बोटीने तांडेलाला आणि त्याच्या भावाला पाण्यातून काढलं. बोट उलटली तेव्हा बावतीस आणि सुकऱ्या मागच्या बाजूला होते, एवढंच त्यांना सांगता आलं.

मी त्या दिवसापासून रोज अर्नाळ्याला जात होतो. काकांनी एकही प्रार्थनेची घंटा चुकवली नाही. मोनीकाकी वाळूत बसून होती. सांगितलं तरी उठत नव्हती. लोक येत आणि काकांकडे पाहून गप्प होत. "श्रद्धा असावी तर अशी," हे वाक्य मी त्या दिवसांत अनेकांच्या तोंडून ऐकलं. मीही ते बातमीत वापरलं.

चौथ्या दिवशी सकाळी उत्तरेच्या खडकांत एक मृतदेह सापडला. चार दिवस पाण्यात राहिलेल्या शरीराचं काय होतं ते इथे लिहिण्याची गरज नाही. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. गळ्यात काळा दोरा होता आणि त्यात लहानसा पितळी क्रूस. काकांनी वाकून दोऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं. मोनीकाकी जाळं विणणारी बाई; तिची गाठ दुहेरी आणि आतून वळवलेली असे. वस्तीत तशी गाठ दुसरं कोणी मारत नव्हतं.

"खात्री आहे?" पोलीस हवालदाराने विचारलं.

"गाठ आमच्या घरची हाय."

हवालदाराने तसं लिहून घेतलं. काका वाळूतून चालत मोनीकाकीपर्यंत आले, तेव्हा तिनेच विचारलं,

"गाठ बघितलीस?"

"बघितली."

"माझीच?"

"तुझीच."

ती उठून घरी गेली. काका चर्चमध्ये गेले आणि त्यांनी तीन-तीन ठोक्यांचे तीन फेरे वाजवले. दर तिसरा ठोका नेहमीइतकाच उशिरा पडला. मग पायरीवर येऊन त्यांनी नाव सांगितलं.

"बावतीस. माझा."

आवाज हलला नाही. आवारातली माणसं रडत होती. मी वेळ टिपून ठेवली.

शरीर ठेवण्यासारखं नव्हतं, म्हणून दफन त्याच दिवशी चार वाजता ठरलं. तीनच्या सुमारास मी बूथवरून कार्यालयात फोन लावला आणि बातमी सांगितली: स्वतःच्या मुलाच्या मृत्यूची घंटा स्वतः वाजवणारा बाप. शेवटचं वाक्य होतं, 'सायंकाळी त्याच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.' ते अजून व्हायचे होते. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर सुटते. पुढे घडणारं घडलं म्हणून लिहायची तेव्हा पद्धत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

यानंतरचा भाग मी बावतीसकडून आणि वाटेवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीकडून नंतर जुळवला.

बावतीस जाळं तरंगतं ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांना धरून राहिला होता. खाडीच्या पलीकडे तिवरांत तो लागला. मिठागरावरच्या मजुरांनी त्याला उचलून झोपडीत नेलं. दोन दिवस त्याला तापात शुद्ध नव्हती. जवळपास फोन नव्हता. चौथ्या दिवशी तो उभा राहिला, त्यांचा शर्ट अंगात घालून निघाला, मिठाच्या ट्रकमधून आला आणि शेवटचा भाग चालला. वस्तीजवळच्या सुरूच्या झाडांपाशी पोहोचला तेव्हा पेटी निघतानाची दुसरी घंटा सुरू झाली.

तो थांबला. त्याने ठोके मोजले. पुरुष. तिसरा ठोका उशिरा पडत होता. बाबा वाजवतोय म्हणजे बाबा जिवंत आहे, हे त्याला कळलं. आईसाठी नाही, हे मोजणीवरून कळलं. सुकऱ्याचा विचार त्याच्या मनात आला, पण सुकऱ्या ख्रिस्ती नव्हता, त्याच्यासाठी ही घंटा वाजणार नाही हे त्याला माहीत होतं. वस्तीतलं कोणीतरी म्हातारं गेलं असेल, असं समजून त्याने डोळे मिटले, जो कोणी गेला त्याच्यासाठी नमो मरिया म्हटली आणि म्हातारीला विचारलं, "कोन गेला, आया?"

म्हातारी मला म्हणाली, "मी खाली बसले. म्हटलं, ज्याचं नाव सांगायचं तोच उभा राहून विचारतो, त्याला काय सांगू?"

तो पुढे चालत राहिला.

पेटी आवारातून बाहेर काढत होते. मी फाटकाशी उभा होतो. प्रथम मागचे लोक गप्प झाले, मग मधले. गाणं म्हणणाऱ्यांपैकी दोघी-तिघी अजून म्हणत होत्या, त्याही थांबल्या. पेटीला पुढून खांदा दिलेल्या माणसांनी ती जमिनीवर टेकवली. कोणी ओरडलं नाही. पुढे बऱ्याच ठिकाणी हा प्रसंग आरडाओरडीसह सांगितला गेला. मी तिथे होतो, कोणी ओरडलं नाही.

मोनीकाकी पुढे झाली. तिने बावतीसच्या गळ्याला हात लावला. दोरा नव्हता. मग लहान मुलाला मारतात तशी त्याला थोबाडीत मारली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसलं.

काका घंटेखालून बाहेर आले. मुलापासून दोन हातांवर थांबले. त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. ते वळले, पेटीवर तीन बोटांचा हात ठेवला आणि विचारलं, "मग ह्यात कोन हाय?"

बावतीसचा हात गळ्याकडे गेला.

"सुकऱ्या," तो म्हणाला. "बोट फिरली तेव्हा माझी कॉलर धरून बसलेला. सोडेना. मीच दोरा काढून त्याच्या गळ्यात घातला. म्हनलो, आयने बांधलाय, काय होनार नाय." तो पुन्हा म्हणाला, "काय होनार नाय म्हनलो त्याला."

मी बूथकडे धावलो. डेस्कवरच्या उपसंपादकाला सांगितलं की बावतीसचं नाव काढा, तो जिवंत आहे. पलीकडून प्रश्न आला, "मग मेलं कोण?" थोड्याच वेळात तोच प्रश्न मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. शहर आवृत्तीतून बातमी निघाली. डाक आवृत्ती गेली होती. ज्याचं दफन झालं नव्हतं त्याचं दफन झाल्याची बातमी माझ्या नावाने छापून आली आणि दुसऱ्या दिवशी तीन ओळींची दुरुस्ती. त्या दुरुस्तीचं कात्रण काकांनी माझ्याकडून मागून घेतलं. प्रार्थनेच्या पुस्तकात त्यांनी ते ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी वस्ती बावतीसच्या घरी लोटली. काका मात्र पेटीजवळ बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारत होते, "ह्याचं गाव कुठलं?" सुकऱ्या दोन हंगाम अर्नाळ्याच्या बोटीवर होता. तांडेलाला त्याच्या गावाचं नाव माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. बावतीसला एसटीचा थांबा आठवत होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तो, ताप असतानाही, पोलिसांबरोबर गेला आणि दुपारपर्यंत सुकऱ्याच्या आईला घेऊन आला. तिचं नाव लाडकीबाई. तिला मुलगा बुडाल्याचंच त्या सकाळी कळलं होतं. तो दुसऱ्याच्या नावाने पुरला जाणार होता, हे वाटेत कळलं.

पेटी उघडली. लाडकीबाईने वाकून पाहिलं. गळ्यातला दोरा दाखवून म्हणाली, "हा कोनी बांधला?"

मोनीकाकी म्हणाली, "मी बांधला होता. माझ्या पोराला. त्याने तुझ्या पोराला दिला."

लाडकीबाई दोऱ्याला हात न लावता म्हणाली, "राहू दे मग."

मृतदेह जीपमध्ये ठेवला. जीप सुरू होताना काका घंटेकडे चालले. एक जण आडवा आला.

"काका, तो आपल्यातला नाय. फादरला विचारलंत?"

"फादर वटार गावात मिस्सा द्यायला गेलेत. आले की मीच सांगतो."

"अन् ते काय म्हनले तर?"

"बोट एक होती ना?" काका म्हणाले. "सर बाजूला."

तीन-तीन ठोक्यांचे तीन फेरे. पायरीवर येऊन त्यांनी नाव सांगितलं, "सुकऱ्या. लाडकीचा." या वेळी त्यांचा आवाज फुटला. 'लाडकीचा' हा शब्द पुरा ऐकू आला नाही. फादरांनी नंतर काहीही हरकत घेतली नाही, हेही नोंदवायला हवं.

पुढचे दोन महिने घंटा दुसऱ्यांनी वाजवली. नाताळ झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो. देवाने मुलगा परत दिला, असं काहीतरी मी बोललो. त्यांनी मला थांबवलं.

"मग तिच्याकडून का नेला? तसं बोलू नका."

ते नखाने ओट्यावरच्या जाळ्याच्या दोराचे धागे सोलत होते. मग म्हणाले, "मी गाठ बघितली. मानूस नाय बघितला. त्याच्या पायाकडे बघितलं असतं तरी कळलं असतं. डोंगरातला पाय वेगळा असतो. मला घाई होती."

"कसली?"

"शूर व्हायची. चार दिवस लोक म्हनत होते, पास्कूची श्रद्धा बघा, डोळ्यात पानी नाय. ते मला गोड लागलं. लोकांच्या हातात मी दोर दिला, माझ्या हातात होता तो नुसता दिखावा. देवाला मी धरलंच नव्हतं. त्याच्यासमोर छाती काढून उभा होतो."

"आणि आता?"

"आता वारा उठला की मला भीती वाटते. तसंच सांगतो त्याला. म्हनतो, मला भीती वाटते, तू हायस ना? सगळ्या बोटी लागेपर्यंत विचारत राहतो. तेवढं बळ पुरतं."

आतून मोनीकाकी म्हणाली, "आता माझ्यासमोर पन रडतो. शेजारनीची बढती झाली."

त्यानंतर त्यांनी पुन्हा दोर हातात घेतला. माझ्या वहीत त्यांच्या पकडीविषयीचं ते जुनं वाक्य होतं. मी ते खोडलं नाही. खाली हे नवं लिहिलं.

नव्या शतकात चर्चच्या घंटेला मोटर बसली. बटण दाबलं की ठोके पडत, सगळे सारख्या अंतराने. दोर काढून टाकणार होते. काकांनी एकच मागणी केली: वर्षातून एका दिवसासाठी, सुकऱ्या गेला त्या दिवसासाठी, दोर राहू द्या. तो राहिला. दर वर्षी त्या दिवशी ते सुकऱ्याची घंटा वाजवत आणि पायरीवर येऊन नाव सांगत. लाडकीबाई त्या दिवशी डोंगरातून येई आणि परत जाताना मोनीकाकीकडून सुकट घेऊन जाई.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका दिवशी. मोनीकाकीला जाऊन वर्ष झालं होतं. काकांना उभं राहता येत नव्हतं. बावतीसने त्यांना खुर्चीसकट उचलून घंटेखाली आणून ठेवलं. त्याच्या गळ्यात दोरा नव्हता. त्याने पुन्हा कधीच बांधून घेतला नाही. काकांनी दोर हातात घेतला, एकदा ओढून पाहिला; घंटा हलली नाही. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या लाडकीबाईकडे दोर सरकवला.

"धर," ते म्हणाले.

तिने पदर खोचला आणि दोर धरला. तिच्या दोन्ही हातांची बोटं शाबूत होती. ठोके मोठे पडले आणि तिसरा वेळेवर पडला. रस्त्यावरची माणसं थांबली, पण गोंधळून चर्चकडे पाहू लागली. तीन फेरे पुरे झाले. फाटकातून कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोन?"

काकांनी तीन बोटांनी तिला पायरी दाखवली. लाडकीबाई दोर सोडून बाहेर आली, पायरीवर उभी राहिली आणि रस्त्याकडे पाहून म्हणाली,

"सुकऱ्या. माझा."